उकळत्या पाण्यात बाटली लोळते, डबा का टिकतो? प्लास्टिकच्या टीजी आणि टीएमचं नातं

पेटची (पीईटी, म्हणजे पॉलिइथिलीन टेरेफ्थॅलेट या प्लास्टिकची) पाण्याची बाटली घ्या, प्रवासात विकत घेतो ती नेहमीची पारदर्शक, आणि सिंकमध्ये उभी करून तिच्यात उकळतं पाणी ओता. बघता बघता ती आक्रसते, खांदे पडतात, बुडाची नक्षी वर येते, आणि नंतर गार पाणी ओतून कितीही लाड केले तरी ती पूर्वीसारखी होत नाही. आता तेच पाणी पीपीच्या, म्हणजे पॉलीप्रॉपिलीनच्या डब्यात ओता, मायक्रोवेव्हमध्ये चालतो तो दुधट रंगाचा डबा. त्याला ढिम्म काही होत नाही, दाबून बघितला तर जरा मऊ लागेल, एवढंच.

आता आकडे बघा. पेट वितळतं साधारण २५५ अंशांना आणि पीपी १६५ च्या आसपास (सगळे आकडे सेल्सियसमध्ये, वेगळं सांगितलं नाही तर). म्हणजे जे जास्त तापमानाला वितळतं तेच आधी लोळलं. यावर जाणकार माणूस म्हणेल की अहो वितळणं सोडा, दुसरं एक तापमान असतं, ग्लास ट्रान्झिशन, त्याला टीजी म्हणतात, पेटचा टीजी ७५ च्या आसपास आहे, पाणी १०० चं, म्हणून बाटली मऊ पडली, विषय संपला. संपला कसा? पीपीचा टीजी तर शून्याच्याही खाली आहे, उणे १० च्या जवळपास. त्या न्यायाने डबा फ्रीजरमधून ओट्यावर काढला की तिथेच लोळायला हवा होता.

म्हणजे टीजी एकटा बघून उत्तर मिळत नाही आणि वितळण्याचं तापमान, टीएम, तेही एकटं बघून मिळत नाही. दोघांमध्ये अंतर किती आहे आणि त्या अंतरात त्या प्लास्टिकचं नेमकं काय झालंय हे बघावं लागतं. माझ्या मते प्लास्टिकच्या निम्म्याअधिक स्वभावाचं मूळ या एका गोष्टीत आहे आणि कॉलेजात नेमकी हीच घाईघाईत उरकतात, दोन व्याख्या पाठ करायच्या, एक ग्राफ काढायचा, पुढचा चॅप्टर.

प्लास्टिक म्हणजे लांबच लांब साखळ्या, एकेकीत हजारो कड्या. पुण्यात विसर्जनाच्या दिवशीचा लक्ष्मी रोड डोळ्यासमोर आणा. मधे ढोलपथक असतं, रांगा सरळ, दोघांमधलं अंतर ठरलेलं. आणि पथकाच्या आजूबाजूला, दोन पथकांच्या मधे, नुसती गर्दी, ज्याचं तोंड ज्या दिशेला असेल तसा तो उभा. घट्ट झालेल्या प्लास्टिकच्या आत असंच असतं, काही ठिकाणी साखळ्या घड्या घालून शिस्तीत रचलेल्या, तो क्रिस्टलचा भाग, आणि बाकीच्या जागी गुंता, तो अमॉर्फस भाग. फरक एवढाच की इथे एकच साखळी एका पथकातून निघून गर्दीतून वाट काढत पुढच्या पथकात शिरलेली असू शकते, त्यामुळे गर्दी आणि पथकं एकमेकांना बांधलेली असतात.

टीएम हा पथकांचा आकडा आहे. त्या तापमानाला रांगा मोडतात, क्रिस्टल विस्कटतात, आणि सगळीकडे गर्दीच गर्दी होते, म्हणजे प्लास्टिक वितळतं. टीजी हा गर्दीचा आकडा. टीजीच्या खाली गर्दी इतकी चेंगरलेली असते की जागच्या जागी खांदे हलतील, पण कुणाला पाऊलभर सरकता येत नाही, म्हणून माल कडक, काचेसारखा. टीजी ओलांडला की कुजबुजत, रेटारेटी करत लोक सरकायला लागतात, साखळीचे पन्नासेक कड्यांचे तुकडे एकदम हलायला लागतात, आणि माल रबरासारखा होतो. यात लक्षात ठेवायची गोष्ट ही की टीजीला रचना काहीच बदलत नाही. आधीही गोंधळ होता, नंतरही गोंधळच आहे, फक्त आता त्यात हालचाल आहे. टीएमला मात्र रचनाच मोडते आणि त्यासाठी बर्फ वितळायला लागते तशी जास्तीची उष्णता लागते.

आता बाटली आणि डबा. पीपीच्या डब्यात निम्म्याच्या आसपास माल क्रिस्टल आहे. त्याची गर्दी तर घरातल्या तापमानालाही सरकतीच आहे, पण पथकांनी ती जागोजाग धरून ठेवलीय आणि ही पथकं १६५ पर्यंत मोडत नाहीत, म्हणून १०० चं पाणी त्याला पचतं. (आणि गर्दी मोकळी असल्यामुळेच डबा पडला तर सहसा फुटत नाही. तोच डबा डीप फ्रीजरमधून काढून फरशीवर पाडा, तडकण्याची शक्यता बरीच, कारण तिथे उणे १८ ला गर्दी गोठलेली असते.) पेटच्या बाटलीत क्रिस्टल कमी, चौथा हिस्सा वगैरे, आणि जी गर्दी आहे ती बाटली फुगवताना ओढून ताणलेली आहे. ताणलेल्या अवस्थेतच ती ७५ च्या खाली गोठवली जाते. उकळतं पाणी पडलं की टीजी ओलांडला, गर्दी सुटली, ताणलेल्या साखळ्या मूळच्या वेटोळ्यात परत जायला बघतात आणि बाटली आक्रसते. वितळलं काहीच नाही.

आणि ही पेटची जन्मजात खोड आहे असंही नाही. विमानात गरम जेवण येतं ते काळे अपारदर्शक ट्रे बऱ्याचदा पेटचेच असतात, तोच टीजी, तोच टीएम, पण माल मुद्दाम क्रिस्टल होऊ दिलेला, त्यामुळे ते ओव्हनमध्ये २०० अंशांपर्यंत चालतात. ज्यूसच्या काही बाटल्यांचं तोंड, झाकणाच्या आट्यांचा भाग, पांढरं खडूसारखं असतं आणि खाली बाटली स्वच्छ पारदर्शक, बघितलंय का? तो वेगळा माल चिकटवलेला नाही. ज्यूस ८५-९० अंशांना गरमागरम भरतात, तोंडाचा भाग फुगवताना ताणला जात नाही म्हणून तो अमॉर्फसच राहतो, आणि तसाच ठेवला तर त्या तापमानाला वाकडा होऊन झाकण बसणार नाही, म्हणून तेवढा भाग आधी तापवून क्रिस्टल करून घेतात. क्रिस्टलच्या गुच्छांवर उजेड विखुरतो आणि भाग पांढरा दिसतो.

मग एकच माल कधी पारदर्शक कधी पांढरा, हे ठरतं कुठे? तर टीजी आणि टीएमच्या मधल्या पट्ट्यात. क्रिस्टल फक्त तिथेच वाढू शकतो. टीएमच्या वर रांग लागली तरी टिकत नाही, टीजीच्या खाली रांगेत यायचं म्हटलं तरी कुणाला सरकता येत नाही. मधे दोन्ही जमतं, आणि साधारण मध्याच्या आसपास सगळ्यात भरभर जमतं, कारण टीएमच्या अगदी जवळ रांगेची सुरुवातच होत नाही आणि टीजीच्या जवळ सगळं गोगलगायीच्या चालीने. त्यामुळे वितळलेला माल थंड करताना या पट्ट्यातून किती वेगाने पार केलात यावर सगळं आलं. बाटली फुगवण्याआधीचा प्रीफॉर्म, जाड टेस्ट ट्यूबसारखा दिसतो तो, २८० च्या आसपासचा वितळलेला माल चिल्ड पाणी फिरणाऱ्या मोल्डमध्ये भरून झटकन थंड करतात, क्रिस्टलला सवडच मिळत नाही, म्हणून तो काचेसारखा निघतो. थंडावा कमी पडला की आधी गेटपाशी, म्हणजे मोल्डमध्ये माल शिरतो त्या जागी, पांढरट ठिपका दिसतो, ऑपरेटरला तेवढ्यावरून कळतं. मग हाच प्रीफॉर्म परत १०० च्या आसपास, म्हणजे टीजीच्या थोडा वर, गरम करतात आणि ताणून फुगवतात. टीजीच्या खाली फुगवायला गेलात तर फुटेल, फार वर गेलात तर पांढरा पडेल. अख्खा धंदा त्या मधल्या चिंचोळ्या जागेत चालतो.

पेटचा चुरा वाळवतानाही हेच. कंपनीतून येणारे दाणे पांढरे, अपारदर्शक असतात म्हणजे आधीच क्रिस्टल केलेले, ते १६०-१७० ला ड्रायरमध्ये टाकले तरी सुटे राहतात. पण प्रीफॉर्मचा पारदर्शक स्क्रॅप दळून तसाच ड्रायरमध्ये ओतला तर टीजी ओलांडताच तुकडे चिकट होतात आणि हॉपरमध्ये एकच गोळा. म्हणून त्याला आधी ढवळत ढवळत क्रिस्टल करून घ्यावं लागतं.

हे सगळं एका ग्राफवर बघायचं असेल तर डीएससी (डिफरन्शियल स्कॅनिंग कॅलोरीमीटर) नावाचं मशीन आहे. पाच-दहा मिलीग्रॅम माल, नखाच्या कोपऱ्याएवढा, ॲल्युमिनियमच्या चिमुकल्या डबीत बंद करायचा आणि मिनिटाला १० अंशांच्या वेगाने तापवायचा, मशीन सांगतं किती उष्णता आत गेली, किती बाहेर आली. पटकन थंड केलेलं पेट टाकलं की रेघ आधी सरळ जाते, ७५ च्या आसपास एक छोटी पायरी येते, तो टीजी, नीट बघितलं नाही तर नजरेतून सुटते. पुढे १३० च्या आसपास रेघ उलट्या बाजूला फुगते, माल उष्णता बाहेर टाकतोय, म्हणजे मोकळे झालेले लोक आता तापवताना रांगा लावतायत. आणि मग २५० च्या आसपास मोठा ठसठशीत खड्डा, त्याच रांगा मोडल्या, तो टीएम. तोच नमुना सावकाश थंड करून परत चालवा, मधला फुगवटा गायब झालेला असतो, कारण क्रिस्टल व्हायचं ते आधीच होऊन गेलं.

त्या ग्राफवरून टीजीचा आकडा सांगणाऱ्या माणसाशी एक-दोन अंशांवरून भांडू नये. वितळणं त्यामानाने ठरलेल्या जागी होतं, टीजी मात्र तुम्ही किती घाईत आहात त्यावर थोडा सरकतो, थंड करायचा वेग दहापट केला की तीनेक अंश वर. शिवाय टीजी ही भिंत नाही, उतार आहे. टीजीच्या बरंच वर असतानाही रबर सुस्तावायला लागतं. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान उडालं आणि थोड्याच वेळात हवेत फुटलं, त्या सकाळी फ्लोरिडात तापमान २ अंशांच्या आसपास होतं आणि बूस्टरच्या सांध्यातल्या ओ-रिंग रबराच्याच होत्या. त्या काही काच झाल्या नव्हत्या, त्या रबराचा टीजी त्याहून बराच खाली, पण दाबल्यावर परत उसळायला त्यांना वेळ लागत होता आणि सांध्याला तेवढा वेळ नव्हता. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी पुढच्याच महिन्यात चौकशी समितीसमोर रबराचा तुकडा क्लॅम्पमध्ये दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवून हेच दाखवलं.

आता दोन तापमानांचं नातं. बॉयर आणि बीमन यांच्या नावाने १९५० च्या दशकापासून एक ठोकताळा चालत आलाय, टीजी भागिले टीएम केलं तर बहुतेक पॉलिमरमध्ये दोन तृतीयांशाच्या आसपास येतं आणि साखळी दोन्ही बाजूंनी सारखी, सिमेट्रिकल असेल तर निम्म्याच्या आसपास. अट एकच, आकडे केल्विनमध्ये घ्यायचे, म्हणजे सेल्सियसमध्ये २७३ मिळवायचे. ही अट विसरून लोक सेल्सियसमध्येच भागाकार करतात आणि मग रबराचं उत्तर उणे आलं की चक्रावतात. करून बघा, पेट : ७५ चे झाले ३४८, २५५ चे ५२८, भागाकार ०.६६. नायलॉन ६ : ५० आणि २२०, म्हणजे ३२३ भागिले ४९३, परत ०.६६. नैसर्गिक रबर : उणे ७० आणि २८, म्हणजे २०३ भागिले ३०१, ०.६७. पीक म्हणून महागडं इंजिनीयरिंग प्लास्टिक आहे, १४३ आणि ३४३, तिथेही ०.६८. कुठे रबर कुठे पीक, तरी गुणोत्तर तेच, मला तरी हे अजून मजेशीर वाटतं.

यामागे जादू नाही. ज्या कारणांनी टीजी वाढतो त्याच कारणांनी टीएम वाढतो. साखळीत बेंझिनच्या कड्या असल्या की ती ताठ होते, वळायला जास्त उष्णता लागते, गर्दी उशिरा हलते आणि रांगही उशिरा मोडते. शेजारच्या साखळ्या हायड्रोजन बाँडने एकमेकींना धरून असतील, नायलॉनसारख्या, तरी तेच. म्हणून दोन्ही आकडे हातात हात घालून वर-खाली होतात. फक्त सिमेट्रीने ताळमेळ बिघडतो. पीव्हीसीमध्ये दर दुसऱ्या कार्बनवर एक क्लोरीन आहे, टीजी ८० च्या आसपास. त्याच कार्बनवर दुसरा क्लोरीन बसवा, वाटेल की अजून जड झालं म्हणजे टीजी वाढेल, तर तो उलटा उणे १८ च्या आसपास घसरतो आणि टीएम मात्र २०० च्या जवळ टिकून राहतो. दोन्हीकडून सारखा ओढा असल्यामुळे साखळीला फिरायला सोपं जातं, आणि सारखी असल्यामुळेच ती रांगेत चपखल बसते. पॉलिइथिलीन तर कमालच करतं, टीजी उणे १२० आणि टीएम १३५ धरला तर गुणोत्तर ०.४ च्याही खाली.

आणि इथे ते अंतर परत कामाला येतं. पॉलिइथिलीनचा पट्टा अडीचशे अंशांचा, शिवाय साखळी साधी, कुठे काही अडकायला नाही, त्यामुळे कितीही घाईने थंड करा, ते क्रिस्टल झाल्याशिवाय राहत नाही. जाड पॉलिइथिलीन काचेसारखं पारदर्शक बघितल्याचं आठवतंय का? नाहीच आठवणार. शुद्ध अमॉर्फस पॉलिइथिलीन हातात येत नाही म्हणून त्याचा टीजी नेमका किती यावर संशोधकांचे वाद झाले. दुसऱ्या टोकाला पॉलिकार्बोनेट, हेल्मेटच्या व्हायझरचं. त्याचा टीजी १५० च्या जवळ, आणि फार खटपटी करून क्रिस्टल केलंच तर वितळतं २३० ते २६५ च्या दरम्यान. म्हणजे पट्टा शंभरेक अंशांचा, त्यात साखळी ताठ, रांगेत येईपर्यंत माल मोल्डमध्ये थंड होऊन जातो. म्हणून ते नेहमी पारदर्शक.

काहींना टीएम नसतोच. आपल्या नेहमीच्या पॉलिस्टायरीनमध्ये साखळीच्या बाजूला लटकणाऱ्या बेंझिनच्या कड्या वाटेल तशा डाव्या-उजव्या बसलेल्या असतात, रांग लागणंच शक्य नाही, त्यामुळे त्याला फक्त टीजी, १०० च्या आसपास. नेटवरच्या तक्त्यांत त्याच्यापुढे टीएम २४० असं लिहिलेलं सापडतं. तो आकडा आहे आयसोटॅक्टिक पॉलिस्टायरीनचा, सगळ्या कड्या एकाच बाजूला बसवलेल्या खास जातीचा. पेनाचं टोपण किंवा दह्याचा कप घेऊन २४० ला वितळायची वाट बघू नका, ते त्याच्या खूप आधीच वाहायला लागलेलं असतं.

जोडी फोडता येते, म्हणजे एक आकडा हलवायचा आणि दुसरा फारसा नाही. पीव्हीसीत प्लास्टिसायझर, म्हणजे माल मऊ करणारं रसायन, घातला की त्याचे छोटे रेणू गर्दीत शिरून जागा करतात, ८० चा टीजी शून्याच्या खाली येतो, आणि कडक पाइपाच्या मालाचा मऊ रेनकोट होतो. नायलॉनला हे काम हवेतली ओल फुकटात करून देते, कोरड्या नायलॉन ६ चा ५०-६० चा टीजी पाणी पिऊन शून्याच्या आसपास येतो, टीएम मात्र २२० च्या तिथेच, कारण पाणी क्रिस्टलच्या आत शिरत नाही. म्हणून मोल्डिंगमधून ताजा निघालेला नायलॉनचा पार्ट ठिसूळ वाटतो आणि काही जण तो मुद्दाम पाण्यात ठेवून मगच फिट करतात. उलट पेटमध्ये दुसरं मोनोमर, म्हणजे साखळीत वेगळ्या जातीची कडी, मिसळून पीईटीजी केलं की रांगेची शिस्तच मोडते, टीएम गायब, टीजी ८० च्या आसपास जिथल्या तिथे. थ्रीडी प्रिंटिंगवाले याच्यावर खूश असतात. त्यांचं दुसरं लाडकं प्लास्टिक पीएलए (पॉलिलॅक्टिक ॲसिड), टीजी ६०, टीएम १५० ते १८०, प्रिंट होऊन झटकन थंड झाल्यामुळे जवळपास अमॉर्फस, मग मे महिन्यात नागपुरात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलं की मान टाकतं. तोच पीस आधी ओव्हनमध्ये शंभरेक अंशांना भाजून क्रिस्टल केला तर टिकतो, फक्त भाजताना तो थोडा आक्रसतो आणि वाकतो, त्यामुळे मापाचे पार्ट असतील तर डोक्याला ताप.

सुती कपडाही यातच मोडतो, कारण सेल्युलोज हा पॉलिमरच. त्याचा टीएम बघायला मिळत नाही, आधीच करपतो. कोरड्या सेल्युलोजचा टीजी २०० च्या वर, म्हणजे नुसत्या इस्त्रीने सुरकुती हलायला तयार नाही. इस्त्रीवाला पाणी शिंपडतो तेव्हा तो टीजी खाली खेचत असतो, साखळ्या सुटतात, इस्त्री त्यांना सपाट करते, आणि पाणी उडून जाताच टीजी परत वर जाऊन घडी गोठते. पॉलिएस्टर म्हणजे पेटच, तिथे इस्त्रीचा काटा ७५ आणि २५५ च्या मधे कुठेतरी ठेवायचा असतो, आणि सुतीच्या खुणेवर, म्हणजे २०० च्या आसपास ठेवला की साडीचा धागा मऊ पडून चिकटायला लागतो.

डेटाशीट वाचताना यातलं काय कामाला येतं? तिथे एचडीटी म्हणून एक आकडा असतो, ठरावीक वजन ठेवून माल किती अंशांना वाकतो तो. साध्या नायलॉन ६ चा जास्त वजनाखालचा एचडीटी ६५ च्या आसपास, टीजीला लागून. त्यात ३० टक्के ग्लास फायबर घाला, तोच आकडा एकदम २०० च्या वर, म्हणजे टीएमला जाऊन टेकतो. फायबर आणि क्रिस्टल मिळून सुटलेल्या गर्दीला पेलून धरतात. आता तेच फायबर पॉलिकार्बोनेटमध्ये घाला. १३० चे १४०-१४५ होतात आणि गाडी तिथेच थांबते, कारण टीजीच्या पुढे धरून ठेवायला तिथे क्रिस्टलच नाहीत, कितीही फायबर ओता.